एक फोटॉन अणूंमध्ये कसा साठवायचा, परत कसा काढायचा आणि दुसऱ्या फोटॉनशी कसा भिडवायचा

बीएस्सीला क्वांटमचा एक पेपर झालाय, रॅबी फ्रिक्वेन्सी हा शब्द निदान कानावर पडलाय, आणि क्वांटम नेटवर्कचं जे सगळीकडं चाललंय त्यात लॅबमध्ये बसून नेमकं काय करतात ते मात्र कळत नाहीये, अशा पोरापोरींसाठी हे लिहितोय. संगमेश्वर, दयानंद, वालचंद नाहीतर केगावला विद्यापीठात शिकणारे माझ्या डोळ्यापुढं आहेत. सोलापुरात हा प्रयोग उभा करा असं मी म्हणत नाही, त्याला बराच पैसा आणि बरीच माणसं लागतात, पण कुठल्या लॅबमध्ये गेलात तर पहिल्या दिवसापासून कामाला हात लागेल आणि आज घरी लॅपटॉपवर खरी सुरुवात करता येईल एवढं यातून नक्की मिळेल.

आधी हिशोब करू, कारण हिशोब केल्याशिवाय मेमरी, म्हणजे फोटॉन साठवून ठेवायची सोय, लागते कशाला हेच पटत नाही. चांगल्या फायबरमध्ये १५५० नॅनोमीटरला किलोमीटरमागं ०.२ डीबी लॉस असतो (दर १० डीबीला प्रकाश दहावा भाग उरतो). सोलापूर ते पुणे धरा २५० किमी, म्हणजे ५० डीबी, म्हणजे लाखात एक फोटॉन पोचणार. मुंबई ४०० धरली तर ८० डीबी, म्हणजे दहा कोटीत एक. साध्या इंटरनेटमध्ये मधे मधे ॲम्प्लिफायर टाकून भागतं, इथं ते चालत नाही, कारण अनोळखी क्वांटम स्थितीची हुबेहूब कॉपी काढताच येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी आणि स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ मध्ये दाखवलंय. मग ब्रीगल, ड्यूर, सिराक आणि झोलर यांनी १९९८ मध्ये क्वांटम रिपीटरची, म्हणजे लांबचा रस्ता तुकड्यांत तोडून मधे स्टेशनं टाकायची, कल्पना मांडली, ती आपल्या रस्त्यावर बसवून बघा. इंदापूरला साधारण निम्म्यावर एक स्टेशन टाकलं. आता दोन तुकडे झाले, प्रत्येकी २५ डीबीच्या आसपास, म्हणजे प्रत्येक तुकड्यात ३१६ मध्ये एकदा यश. पण इंदापूरला मेमरी नसेल तर दोन्ही तुकडे एकाच क्षणी यशस्वी व्हायला पाहिजेत, ३१६ गुणिले ३१६, परत लाखात एकच, म्हणजे स्टेशन टाकून उपयोग शून्य. मेमरी असेल तर पहिला तुकडा जमला की तो धरून ठेवायचा आणि दुसरा जमेपर्यंत वाट बघायची, मग काम काही शे प्रयत्नांत होतं. सगळा फायदा या वाट बघण्यात आहे.

आणि किती वेळ वाट बघायची हेही याच हिशोबातून निघतं. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात, १२५ किमीला ६२५, आणि फोटॉन पोचला असा निरोप उलटा यायला परत तेवढेच, म्हणजे एका प्रयत्नाला सव्वा मिलिसेकंद. असे सरासरी ३१६ प्रयत्न म्हणजे ०.४ सेकंद. म्हणजे एका वेळी एकच प्रयत्न करणारी मेमरी असेल तर तिनं निदान अर्धा सेकंद तरी तग धरायला पाहिजे, नाहीतर एकदम बऱ्याच खणांत साठवायची सोय पाहिजे. कुणी मेमरीचा पेपर दाखवला की आधी हा आकडा डोक्यात आणायचा आणि मग त्यांचा स्टोरेज टाइम बघायचा.

आता साठवणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, इथंच बहुतेकांची गाडी अडते. प्रकाश कुठं डबीत बंद होत नाही. फोटॉनमध्ये जी माहिती आहे ती लाखो अणूंच्या आतल्या अवस्थेत उतरवायची, फोटॉन संपतो, अणूंमध्ये एक खूण राहते, आणि पाहिजे तेव्हा त्या खुणेवरून तसाच फोटॉन परत बनवायचा. ही खूण कुठल्या एका अणूत नसते. लाखो अणूंपैकी एकच अणू दुसऱ्या लेव्हलला गेलाय पण कुठला ते माहीत नाही, आणि त्या सगळ्या शक्यता एका ठराविक फेजच्या रांगेत बांधलेल्या असतात, याला स्पिन वेव्ह म्हणतात. आपल्या सोलापुरी चादरीतली जॅकार्डची नक्षी कशी, एक धागा ओढून बघितला तर त्यात मोर नसतो, सगळ्या धाग्यांच्या आपापल्या जागेवर असण्यात मोर असतो, तसंच हे. धागे जागेवरनं सरकले की नक्षी गेली, मग धागे कितीही चांगले असले तरी. साठवलेला फोटॉन हरवतो तो बहुतेक वेळा असाच हरवतो, अणू तिथंच असतात, त्यांची फेजची रांग विस्कटलेली असते.

अणू कुठला घ्यायचा? रुबिडियम ८७ घ्या आणि पुढं चला. सिझियमही चालतं, पण रुबिडियमचे लेझर सहज मिळतात आणि डेटा फुकट आहे, त्यामुळं शिकायला हेच सोपं. त्याची एक लाईन ७९५ नॅनोमीटरला, दुसरी ७८० ला, खालची अवस्था दोन भागात फुटलेली, एफ = १ आणि एफ = २ (एफ म्हणजे अणूचा एकूण स्पिन), मधला फरक ६.८३४ गिगाहर्ट्झ. वरच्या अवस्थेचं आयुष्य २६ ते २८ नॅनोसेकंद, म्हणजे तिथं काही साठवायचं नाव काढू नका, साठवायचं ते खालच्या दोन अवस्थांत. वरची अवस्था फक्त जिन्यासारखी वापरायची. मेमरीसाठी मी ७९५ पसंत करतो, कारण तिथल्या वरच्या दोन लेव्हल ८०० मेगाहर्ट्झपेक्षा लांब आहेत, ७८० ला त्या जवळजवळ असतात आणि नको त्या लेव्हलची लुडबुड होते. अजून एक, रुबिडियम ३९.३ अंशाला वितळतं, म्हणजे आपल्याकडं मे महिन्यात दुपारी एसी बंद पडला तर काचेच्या सेलमधला रुबिडियमचा दाणा पातळ झालेला दिसेल, त्यात घाबरायचं काही नाही, पण काचेचा सेल फुटू देऊ नका, पाणी लागलं की पेट घेतं.

मग सेल का थंड ढग, हा पहिला मोठा निर्णय. गरम सेल म्हणजे काचेची नळी, आत रुबिडियम आणि थोडा निऑन, बाहेरून ६०-७० अंश हीटिंग, भोवती बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणारं म्यू-मेटलचं कवच. खर्च कमी, जागा कमी, एका टेबलावर बसतं. २००१ मध्ये फिलिप्स, फ्लायशहाउअर, मेअर, वॉल्सवर्थ आणि लुकिन यांनी असल्याच गरम वाफेत प्रकाश अर्ध्या मिलिसेकंदापर्यंत धरून दाखवला, त्याच वर्षी लेने हाऊच्या ग्रुपनं अतिथंड सोडियममध्ये तेच केलं. पण गरम सेलमध्ये अणू सेकंदाला शेकडो मीटरनं पळतात आणि नॉइज फार. थंड ढगात लेझर आणि चुंबकीय क्षेत्रानं अणू पकडून १०० मायक्रोकेल्विनच्या आसपास नेतात, वेग सेकंदाला १० सेंटीमीटरवर येतो, त्याला मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप म्हणतात, पहिला १९८७ चा. व्हॅक्युम चेंबर, आयन पंप, कॉइल, डझनावारी आरसे, सगळं लागतं. माझं मत विचाराल तर कॉलेजच्या लॅबमध्ये गरम सेलवर ईआयटी बघा, आणि सिंगल फोटॉनचं खरं काम थंड ढगावर शिका.

ईआयटी म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिकली इंड्यूस्ड ट्रान्सपरन्सी, स्टीफन हॅरिस यांच्या ग्रुपनं ती ९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवली. करायचं असं. सगळे अणू एफ = १ मध्ये गोळा करा. एफ = १ ते वरची लेव्हल या रस्त्यावर सिग्नल, म्हणजे साठवायचा प्रकाश. एफ = २ ते तीच वरची लेव्हल, या रस्त्यावर जोरदार कंट्रोल लेझर. कंट्रोल बंद असताना ढग सिग्नलला अपारदर्शक, चालू केला की बरोबर मधोमध एक अरुंद खिडकी उघडते आणि सिग्नल पार होतो, पण सावकाश. हाऊनी १९९९ मध्ये तो सेकंदाला १७ मीटरवर आणला होता. सिग्नल आत असतानाच कंट्रोल हळूच बंद केला की प्रकाश पूर्ण स्पिन वेव्हमध्ये उतरतो, परत चालू केला की बाहेर येतो. एवढीच मेमरी. दोन्ही लेझरमधला फरक मात्र ६.८३४ गिगाहर्ट्झवर पक्का बांधलेला पाहिजे, फेजसकट, नुसती फ्रिक्वेन्सी जवळपास आहे असं चालत नाही, म्हणून ऑफसेट लॉक करतात नाहीतर एकाच लेझरमधून मॉड्युलेटरनं दुसरा काढतात.

इथं एक आकडा सगळ्यांचा बाप आहे, ऑप्टिकल डेप्थ, थोडक्यात ओडी. कंट्रोल बंद असताना सिग्नल ढगातून किती उरतो ते ई (२.७१८) चा उणे ओडी घात. ओडी १ म्हणजे ३७ टक्के उरला, ओडी १० म्हणजे लाखात साडेचार. मेमरीची कार्यक्षमता शेवटी याच आकड्यावर येऊन थांबते. कारण बघा. सिग्नलला ढगात जो उशीर होतो तो ओडी गुणिले गॅमा भागिले ओमेगाचा वर्ग, गॅमा म्हणजे लाईनची रुंदी आणि ओमेगा म्हणजे कंट्रोलची रॅबी फ्रिक्वेन्सी, कंट्रोल अणूला किती जोरात ढकलतो त्याचं माप. खिडकीची रुंदी ओमेगाचा वर्ग भागिले (गॅमा गुणिले ओडीचं वर्गमूळ). कंट्रोल वाढवला की खिडकी रुंद होते पण उशीर कमी होतो, म्हणजे एका हातानं दिलं दुसऱ्यानं घेतलं. दोन्ही एकदम पाहिजे तर ओडी वाढवण्याशिवाय रस्ता नाही.

आकडे घालून बघा. ओमेगा गॅमाइतका ठेवला, गॅमा ६ मेगाहर्ट्झ (उशीर काढताना दोघांना दोन पायनं, म्हणजे २π नं, गुणून घ्या). ओडी १० असेल तर उशीर २६५ नॅनोसेकंद आणि खिडकी १.९ मेगाहर्ट्झ. या खिडकीतून जाईल असा पल्स घेतला तर त्याची लांबीच उशिराएवढी होते, पुढचं टोक बाहेर पडतं तेव्हा शेपूट अजून आत यायची असते, मग कंट्रोल कधीही बंद करा, निम्मं हातातून जातं. ओडी १०० केला तर उशीर २.६५ मायक्रोसेकंद आणि खिडकी ०.६ मेगाहर्ट्झ, आता एक मायक्रोसेकंदाचा पल्स आरामात बसतो. तो पल्स बाहेर हवेत ३०० मीटर लांब असतो. एक सेंटीमीटरच्या ढगात त्याचा वेग सेकंदाला ३.८ किमीवर येतो आणि ३०० मीटरचा पल्स चार मिलीमीटरपेक्षा कमी जागेत मावतो. हे गणित स्वतःच्या हातानं एकदा कागदावर करा. मी तर म्हणेन लेझरला हात लावायच्या आधी हे झालंच पाहिजे, कारण ओडी २० वर बसून कंट्रोलची पॉवर कमीजास्त करत दिवस घालवले तरी हाती काही लागत नाही.

ओडी वाढवायचा म्हणजे ढग लांबट करायचा, अणू जास्त भरायचे आणि सिग्नल लांबीच्या दिशेनं पाठवायचा. शिवाय फोटॉन उलट्या दिशेनं बाहेर काढला तर तेवढ्याच ओडीला कार्यक्षमता जास्त मिळते, कारण आत शिरला त्याच तोंडानं बाहेर पडताना त्याला सगळा ढग परत ओलांडावा लागत नाही. या वाटेनं सिझियमच्या थंड ढगात २०१८ मध्ये ९२ टक्क्यांपर्यंत गेलेत, ते साध्या लेझर पल्सवर, आणि २०१९ मध्ये रुबिडियमवर खऱ्या सिंगल फोटॉनचे क्यूबिट, म्हणजे क्वांटम माहितीची एककं, साठवून ८५ टक्क्यांच्या वर.

आता नॉइज. प्रयोगाचा खरा कस इथं लागतो. कंट्रोल लेझर समजा एक मिलिवॅटचा आहे आणि एक मायक्रोसेकंद चालू आहे. त्यात किती फोटॉन असतात? ७९५ नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा २.५ गुणिले दहाचा उणे १९ घात ज्यूल, म्हणजे ४०० कोटी फोटॉन. आणि तुमचा साठवलेला फोटॉन एक. दोघं एकाच वेळी, जवळपास एकाच रंगात, डिटेक्टरकडं निघालेत. कंट्रोलचे फोटॉन डिटेक्टरवर शंभर वेळात एकाच्या वर यायला नकोत असं ठरवलं तर ११६ डीबीनं दाबायला लागतो. कुठलाही एकच फिल्टर हे करत नाही, थर लावावे लागतात. दोघांचं पोलरायझेशन काटकोनात ठेवून चांगला पोलरायझर लावला की ५० डीबीच्या आसपास. मग एटलॉन, म्हणजे दोन समांतर आरशांची अरुंद चाळणी जी ६.८ गिगाहर्ट्झ पलीकडचा रंग अडवते, एकेक साधारण ३० डीबी, आणि तिचं तापमान मिलिकेल्विनमध्ये सांभाळायला लागतं नाहीतर ती तुमचाच फोटॉन अडवते. आणि तिसरा थर म्हणजे कोन. कंट्रोल आणि सिग्नल एक-दोन अंशाच्या कोनात पाठवले आणि सिग्नल सिंगल-मोड फायबरमध्ये गोळा केला की कंट्रोल बाजूनं निघून जातो.

कोनाची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते. दोघं एकाच दिशेनं असतील तर स्पिन वेव्हची लांबी ४.४ सेंटीमीटर, अणूला नक्षी बिघडवायला तेवढं पळायला लागतं. एक अंशाचा कोन केला की ती ४५ मायक्रोमीटर होते. १०० मायक्रोकेल्विनचा अणू १० सेंटीमीटर वेगानं त्यातला फेज बिघडण्याइतका भाग (लांबी भागिले २π) ७० मायक्रोसेकंदात काटतो, म्हणजे मेमरीचं आयुष्य तेवढंच. गरम सेलमध्ये हाच कोन केला तर ४० नॅनोसेकंद, म्हणजे पल्स पूर्ण साठवायच्या आत खूण पुसली. म्हणून गरम सेलवाले एकाच दिशेनं पाठवतात आणि सगळा भार पोलरायझर आणि एटलॉनवर टाकतात, थंडवाले थोडा कोन घेतात. लॅबमध्ये गेल्यावर हा कोन किती आहे ते आधी विचारा, त्या एका आकड्यावरून निम्मा प्रयोग समजतो.

चुंबकीय क्षेत्राचंही थोडक्यात सांगतो. या अणूंची लेव्हल गॉसला ०.७ मेगाहर्ट्झ सरकते, आणि पृथ्वीचंच क्षेत्र ०.४ गॉसच्या आसपास आहे, त्यामुळं ट्रॅपचं कॉइल बंद करून, उरलेलं क्षेत्र तीन जोड कॉइलनी मारून मगच साठवायचं. चुंबकीय क्षेत्रानं जवळपास न सरकणाऱ्या एम = ० च्या दोन लेव्हल वापरल्या तर हा त्रास बराच कमी होतो. भिंतीतल्या वायरिंगचं ५० हर्ट्झ क्षेत्र राहतंच, म्हणून प्रयोगाचा ट्रिगर मेन्सच्या ५० हर्ट्झला बांधतात, म्हणजे प्रत्येक वेळी क्षेत्र निदान सारखं असतं. आणि शेजारी यंत्रमाग चालू असतील अशा भागात कुणी ऑप्टिकल टेबल मांडायचं म्हणत असेल तर तळमजला आणि हवेवर तरंगणारे पाय या दोन गोष्टींवर अजिबात तडजोड करू नका, ती धडधड थेट लेझर लॉकमध्ये येते.

फोटॉन आणायचा कुठून? सुरुवात लेझरनंच करा, एकदम मंद करून, पल्समागं सरासरी ०.१ फोटॉन. त्यात ९० टक्के वेळा काहीच नसतं, ९ टक्के वेळा एक, आणि अर्ध्या टक्क्याच्या आत दोन. मेमरी नीट चालते का ते बघायला एवढं पुरतं. पण हा सिंगल फोटॉन सोर्स नव्हे, तसं कुठं लिहूही नका. क्रिस्टलमधून जोड्या काढणारे सोर्स फार रुंद असतात, शेकडो गिगाहर्ट्झ, आणि आपली खिडकी मेगाहर्ट्झची, म्हणजे बहुतेक फोटॉन अणूंना दिसतच नाहीत, त्यांना कॅव्हिटीत, म्हणजे समोरासमोरच्या आरशांत, घालून अरुंद करावं लागतं. त्यापेक्षा अणूंकडूनच फोटॉन घ्या. ड्वान, लुकिन, सिराक आणि झोलर यांनी २००१ मध्ये ही पद्धत सांगितली, नावांवरूनच डीएलसीझेड. ढगावर मंद राइट, म्हणजे लिहायचा, पल्स मारायचा, शंभरात एखाद्या वेळी एक फोटॉन बाहेर उडतो, तो दिसला की खात्री पटते की ढगात बरोबर एक स्पिन वेव्ह बसलीये. मग रीड पल्स मारून ती फोटॉन म्हणून काढायची. शक्यता मुद्दाम एक टक्क्याच्या आसपास ठेवतात, जास्त लोभ केला की दोन बसतात आणि सगळं बिघडतं. अशा एका ढगातून काढलेला फोटॉन दुसऱ्या ढगात साठवणं २००५ मध्ये जमलं, कुझमिच यांच्या आणि लुकिन यांच्या ग्रुपला, एकाच सुमारास. नवख्यानं डीएलसीझेडपासून सुरू करावं असं मला मनापासून वाटतं, रंग आणि रुंदी जुळवण्याची कटकटच राहत नाही.

बाहेर आलेला फोटॉन एकच आहे हे कसं दाखवायचं? त्याला ५०:५० बीमस्प्लिटरवर टाका, दोन बाजूला दोन डिटेक्टर. एकच फोटॉन असेल तर दोन्ही एकदम वाजणार नाहीत. या मापाला जी-टू म्हणतात, लेझरचा १ येतो, आदर्श सिंगल फोटॉनचा ०, आणि ०.५ च्या खाली आला की सिंगल फोटॉन म्हणायला हरकत नाही. साठवण्याआधीचा आणि नंतरचा जी-टू दोन्ही मोजा, नंतरचा चढला असेल तर तेवढा नॉइज मेमरीनं घातलाय. क्यूबिट साठवत असाल तर ढगात दोन वाटा करून एकीत आडवं आणि दुसरीत उभं पोलरायझेशन ठेवतात, आणि काढल्यावर फिडेलिटी, म्हणजे आत घातलेली आणि बाहेर आलेली स्थिती किती जुळते ते, दोन तृतीयांशाच्या वर यायला पाहिजे, त्याच्या खाली असेल तर कुणीही फोटॉन मोजून नवीन बनवून दिला असता, मेमरीची गरजच नव्हती. एक सूचना, आकडे सांगताना अंतर्गत कार्यक्षमता आणि डिटेक्टरपर्यंतची कार्यक्षमता वेगळी सांगा. फायबर कपलिंग ०.८, मेमरी ०.५, फिल्टर ०.४, डिटेक्टर ०.६ धरले तर हातात दहापैकी जेमतेम एक येतो.

इथंपर्यंत साठवणं झालं. आता भिडवणं. हवेत दोन फोटॉन एकमेकांतून सरळ निघून जातात, काचेतही त्यांचा एकमेकांवर परिणाम इतका क्षीण की एक-एक फोटॉनच्या पातळीवर कामाचा नाही. पण फोटॉन अणूंमध्ये उतरवला आणि तो अणू रिडबर्ग अवस्थेत नेला की चित्र बदलतं. रिडबर्ग म्हणजे इलेक्ट्रॉन एन = ५०, १०० अशा लांबच्या कक्षेत. एन = १०० ला अणूची त्रिज्या अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाते, आणि अशा दोन अणूंमधलं बल एनच्या अकराव्या घातानं वाढतं, म्हणजे ५० वरून १०० वर गेलात तर दोन हजार पट. मग एक अणू रिडबर्गमध्ये असला की त्याच्या भोवती काही मायक्रोमीटरपर्यंत, एन = १०० ला साधारण १० पर्यंत, दुसरा कुठलाच अणू रिडबर्गमध्ये जाऊ शकत नाही, त्याची लेव्हल सरकलेली असते. याला ब्लॉकेड म्हणतात.

करायचं कसं, तर ईआयटीचीच मांडणी, फक्त शिडीसारखी. सिग्नल ७८० चा, कंट्रोल ४८० चा निळा, दोघं मिळून रिडबर्गपर्यंत. पहिला फोटॉन आत साठवा. दुसरा फोटॉन आला की ब्लॉकेडच्या गोलात त्याच्यासाठी खिडकी बंद, तो विखुरतो, किंवा लेझर थोडे बाजूला ट्यून केले असतील तर आरपार जातो पण फेज बदलून. हा फेज बदल बरोबर पाय (π), म्हणजे १८० अंश, केला की दोन फोटॉनचं लॉजिक गेट. ब्लॉकेडच्या एका गोलातला ओडी १ च्या बराच वर पाहिजे, इथंही तोच आकडा परत. हार्वर्ड-एमआयटीच्या ग्रुपनं २०१२ मध्ये अशा ढगातून फोटॉन एका वेळी एकच जातात हे दाखवलं, आणि जर्मनीत म्युनिकजवळ गार्खिंगला २०१९ मध्ये रिडबर्ग ढगानं फोटॉन-फोटॉन गेट झालं. त्याच गावात २०१६ ला दुसऱ्या वाटेनं, कॅव्हिटीतल्या एका अणूवर दोन फोटॉन आपटून, गेट केलेलं होतं. दोन्हीकडं कार्यक्षमता अजून कमी आहे.

रिडबर्गमध्ये जास्त वेळ साठवायचा विचार मात्र सोडा. ७८० आणि ४८० समोरासमोर पाठवले तरी स्पिन वेव्हची लांबी सव्वा मायक्रोमीटर राहते, वरच्याच हिशोबानं १०० मायक्रोकेल्विनला २ मायक्रोसेकंदात नक्षी विस्कटते. शिवाय भटक्या विद्युत क्षेत्रानं ही लेव्हल फार हलते. म्हणून साठवण एफ = १, एफ = २ मध्ये, भिडवायच्या वेळीच रिडबर्ग. लांब साठवायचं तर अणू लेझरच्या जाळीत धरून हलूच द्यायचे नाहीत, तसं करून कुझमिच यांच्या ग्रुपनं २०१३ मध्ये १६ सेकंदांपर्यंत मजल मारलीये, इंदापूरच्या आपल्या हिशोबाला ती भरपूर झाली.

नेटवर्कसाठी शेवटची पायरी रंगाची. ७८० चा फोटॉन फायबरमध्ये किलोमीटरला ३ डीबीपेक्षा जास्त गमावतो, म्हणजे दर किलोमीटरला निम्मा, १० किमीला हजारात एकही नाही. म्हणून क्रिस्टलमध्ये दुसऱ्या लेझरबरोबर मिसळून त्याचा रंग १३०० ते १५०० च्या घरात नेतात, क्वांटम स्थिती तशीच ठेवून. गार्खिंगला २०१२ मध्ये २१ मीटरवरच्या दोन लॅबमधले दोन अणू ६० मीटर फायबरनं जोडले होते. रंग बदलायची सोय आल्यावर चीनमध्ये २०२० ला दोन ढग २२ किमीच्या शहरातल्या फायबरवर आणि ५० किमीच्या गुंडाळलेल्या फायबरवर जोडले, म्युनिकमध्ये २०२२ ला दोन रुबिडियम अणू ३३ किमी फायबरवर. आपल्याकडं एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं, त्यातलं कम्युनिकेशनचं केंद्र आयआयटी मद्रासला आहे. थंड अणूंचं काम बघायचं तर पुण्यात आयसर आहे, बेंगळुरूला रामन रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, उद्यान एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते. विज्ञान अकादमींची समर फेलोशिप दरवर्षी निघते, तिथं फॉर्म भरताना वरचे हिशोब स्वतः केलेले असतील तर तुमचं स्टेटमेंट आपोआप वेगळं दिसतं.

आणि आज संध्याकाळी करायचं काम. पायथॉन आणि नमपाय टाका. तीन गोष्टी घ्या, ई म्हणजे प्रकाश, पी म्हणजे वरच्या लेव्हलचं पोलरायझेशन, एस म्हणजे स्पिन वेव्ह. ई ढगातून पुढं सरकताना पी मुळं बदलतो, पी ला ई आणि एस दोघं ढकलतात आणि तो गॅमानं मरतो, एस ला फक्त कंट्रोलमधून पी ढकलतो. ढगाचे २०० तुकडे करा, वेळेत रुंगे-कुट्टा या गणिती पद्धतीनं पुढं जा, शंभरेक ओळींचा कोड होतो. पहिली टेस्ट कंट्रोल शून्य ठेवून, लांब पल्स पाठवून, बाहेर येणारी तीव्रता बरोबर २.७१८ चा उणे ओडी घात येते का. नसेल येत तर बहुधा दोनचा घोळ असतो, काही पेपरमध्ये डी म्हणजे ओडीचा निम्मा असतो आणि ओमेगाही निम्मा धरलेला असतो, तो इथंच सोडवा. दुसरी टेस्ट, कंट्रोल कायम चालू, ओमेगा गॅमाइतका, ओडी १००, उशीर २.६५ मायक्रोसेकंद यायला पाहिजे. दोन्ही पास झाल्या की मग कंट्रोल मधेच बंद करा, ५ मायक्रोसेकंद थांबा, परत चालू करा, आणि बाहेर आलेल्या पल्सचं क्षेत्रफळ आत गेलेल्याशी भागा. हे ओडी ५, १०, २०, ५०, १०० ला करा, प्रत्येक वेळी पल्सची लांबी आणि कंट्रोल बंद करायची वेळ दोन्ही जुळवून सगळ्यात चांगला आकडा शोधा आणि एका आलेखावर टाका. नंतर उलट्या दिशेनं काढायचं जोडा, दुसरी रेघ पहिलीच्या वर येते का बघा. रिडबर्गसाठी एआरसी नावाची पायथॉन लायब्ररी फुकट मिळते, अल्कली रिडबर्ग कॅल्क्युलेटर, तिच्यातून एन = ५० आणि एन = १०० चा सी-सिक्स, म्हणजे दोन अणूंमधल्या बलाचं माप, काढा आणि दोघांचा भागाकार २०४८ पासून किती लांब येतो ते तपासा, बराच लांब येईल, कारण कक्षेचा खरा एन क्वांटम डिफेक्टमुळं तीनएकनं कमी धरायला लागतो.